मग माकडं अजून कशी राहिली?



गेल्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि उठता उठता एका ताईंनी विषय काढला. त्यांची मुलगी यंदा दहावीला आहे. आपल्या मंडळाच्या विज्ञान भाग 2 या पुस्तकात पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' असा आहे. मुलगी ओसरीवर बसून मोठ्याने वाचत होती. आजीने ऐकलं आणि विचारलं, "काय गं, माकडाचा माणूस झाला म्हणतेस, मग ही माकडं अजून कशी राहिली? त्यांचा का नाही झाला?" मुलगी गप्प बसली. आईलाही उत्तर सुचलं नाही.

बैठकीत हा प्रश्न आला तेव्हा खूप हसू झालं. मग एक जण म्हणाली, "सगळं देवानं घडवलंय, पुस्तकवाल्यांना काय कळतं." दुसरी म्हणाली, "पुस्तकात छापलंय म्हणजे खरंच असणार." आम्हाला दोन्ही उत्तरं अपुरी वाटली. पुस्तकात आहे म्हणून खरं मानायचं, तर ते विज्ञान कसलं? आणि आजीचा प्रश्न हसून सोडून देण्यासारखाही नव्हता. जगभरात मोठमोठ्या लोकांनी हाच प्रश्न विचारला आहे, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. आम्ही समन्वयक काही विज्ञान शाखेच्या नाही. म्हणून महिनाभर मिळेल ते वाचलं, शाळेतल्या शिक्षकांना विचारलं. जे समजलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

उत्क्रांती म्हणजे नेमकं काय

आधी एक सोपी गोष्ट. आपण पुढच्या वर्षीसाठी बी कसं धरतो? चांगलं भरलेलं कणीस, टपोरं फळ, न किडलेली शेंग बाजूला काढतो. दरवर्षी असं निवडत गेलं की काही वर्षांनी वाण बदलतं. कोबी, फुलकोबी आणि नवलकोल या तिन्ही भाज्या एकाच रानटी वनस्पतीपासून आलेल्या आहेत. कुठे शेतकऱ्यांनी पानांचा गड्डा मोठा असलेली झाडं निवडली, कुठे फुलाची, कुठे जाड खोडाची. शेकडो वर्षं हे चाललं आणि आज आपण त्यांना तीन वेगळ्या भाज्या म्हणतो.

इथे निवड करणारा माणूस होता. निसर्गात निवड करायला कोणी बसलेलं नसतं, तरी निवड होते. त्याला तीन गोष्टी पुरतात. पहिली, एकाच आईची पिल्लं सारखी नसतात, थोडा फरक असतो. दुसरी, यातले काही फरक पुढच्या पिढीत उतरतात. तिसरी, जन्माला आलेली सगळी पिल्लं जगत नाहीत. त्या ठिकाणी, त्या वेळी ज्याचा फरक उपयोगी पडतो, ते जास्त जगतं आणि त्याची संतती वाढते. पिढ्यान् पिढ्या असं झालं की तो प्राणीच बदलतो. याला नैसर्गिक निवड म्हणतात. पुरेसा काळ गेला आणि एकाच जातीचे दोन गट एकमेकांपासून तुटले, तर पुढे त्यांच्या दोन वेगळ्या जाती होतात.

हा विचार इंग्लंडच्या चार्ल्स डार्विन यांनी मांडला. 1831 ते 1836 अशी पाच वर्षं ते 'बीगल' नावाच्या जहाजातून जगभर हिंडले. परत आल्यावर वीसहून जास्त वर्षं पुरावे गोळा करत राहिले. कबुतरं पाळणाऱ्या लोकांत जाऊन बसायचे, स्वतः कबुतरं पाळायचे, निवडीने त्यांच्या जाती कशा बदलतात ते पाहायचे. 1858 मध्ये आल्फ्रेड वॉलेस या दुसऱ्या अभ्यासकाचं त्यांना पूर्वेकडच्या बेटांवरून पत्र आलं. वॉलेस यांना स्वतंत्रपणे हाच विचार सुचला होता. दोघांचं लेखन त्याच वर्षी 1 जुलैला लंडनमध्ये एकत्र वाचलं गेलं आणि 1859 मध्ये डार्विन यांचं पुस्तक आलं. दोन माणसं जगाच्या दोन टोकांना, एकमेकांना न विचारता, एकाच उत्तराशी पोचली, हे आम्हाला विशेष वाटलं.

आपल्या शेतात घडलेली उत्क्रांती

आता कोणी म्हणेल, हे लाखो वर्षांपूर्वीचं, पाहिलं कोणी? मैत्रिणींनो, कापूस वेचणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकीने हे पाहिलं आहे.

2002 मध्ये आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. या कपाशीच्या झाडातच असं द्रव्य तयार होतं की ते पोटात गेल्यावर बोंडअळी मरते. 2006 मध्ये दोन प्रकारची द्रव्यं असलेलं बियाणं आलं. सुरुवातीला बोंडअळीची फवारणी कमी झाली, सगळे खूश. मग हळूहळू गुलाबी बोंडअळी परत दिसू लागली आणि 2017 च्या हंगामात तर महाराष्ट्रात तिने हाहाकार केला. डोमकळ्या दिसल्या, बोंडं फोडली तर आत अळी आणि कवडी कापूस. आमच्या गटांतल्या कितीतरी जणींनी त्या वर्षी फवारणीसाठी अंतर्गत कर्ज घेतलं आणि पुढे हप्ते थकले. तेव्हा सगळे म्हणत होते, "अळीला औषधाची सवय झाली."

सवय झाली नव्हती. एका अळीला आयुष्यात सवय होत नाही, ती बोंड खाऊन मरते तरी किंवा जगते तरी. खरं असं झालं. लाखो अळ्यांमध्ये अगदी थोड्या अशा होत्या की ज्यांच्यावर ते द्रव्य चालत नव्हतं. हा फरक बीटी येण्याआधीपासून होता, पण तेव्हा त्याचा काही फायदा नव्हता. बीटी आल्यावर बाकीच्या मेल्या, या थोड्या जगल्या. त्यांचे पतंग झाले, त्यांची एकमेकांत जोडी जमली, त्यांच्या अंड्यांतून तशाच अळ्या निघाल्या. एका हंगामात अळीच्या अनेक पिढ्या होतात. दहा-पंधरा वर्षांत शिवारातली अळीच बदलून गेली. फरक, वारसा आणि निवड, तिन्ही गोष्टी इथे आहेत. हीच उत्क्रांती.

आणि शास्त्रज्ञांना हे आधीच माहीत होतं. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची एक छोटी पुडी यायची, आठवते? ते बिगर-बीटी बियाणं शेताच्या कडेने लावायचं होतं. घरोघरी ती पुडी फेकली गेली, नाहीतर कोपऱ्यात पडून राहिली. अळीला मुद्दाम खायला कोण घालणार, असं आपल्याला वाटलं. पण त्या कडेच्या ओळींमध्ये साध्या अळ्या जगल्या असत्या. त्यांचे पतंग मधल्या चिवट पतंगांशी जुळले असते, आणि अशा जोडीची बहुतेक पिल्लं पुन्हा बीटीला बळी पडणारी निघाली असती. म्हणजे ती पुडी अळीची उत्क्रांती लांबवण्यासाठी होती. हे आपल्याला कोणी नीट समजावलं नाही.

गुलाबी अळीचं आणखी एक आहे. हिरवी बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते. गुलाबी अळी आपल्याकडे जवळजवळ फक्त कपाशीवरच जगते. त्यामुळे साध्या अळ्यांना दुसरीकडे आसरा उरला नाही. वर आपण फरदड घेतली, म्हणजे अळीला पुढच्या हंगामापर्यंत जेवण मिळालं. अमेरिकेत याच अळीविरुद्ध शेतकऱ्यांनी बिगर-बीटी पट्टे पाळले, नंतर वांझ केलेले पतंग सोडले, आणि 2018 मध्ये तिथल्या कापूस भागातून ती नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. उत्क्रांतीचं गणित समजून शेती केली तर काय होतं आणि न समजता केली तर काय होतं, हे एकाच किड्याने दोन देशांत दाखवलं.

आता आक्षेप पाहू

उत्क्रांतीवर आक्षेप घेणाऱ्यांपैकी अनेकांचं म्हणणं असं की सगळे जीव देवाने आहेत तसेच, वेगवेगळे घडवले. याला निर्मितीवाद म्हणतात. युरोप-अमेरिकेत तो जास्त करून बायबलच्या शब्दशः अर्थावर उभा आहे. त्यांचे मुख्य आक्षेप असे.

पहिला, आजीचाच. माकडापासून माणूस झाला तर माकडं का उरली? याचं उत्तर आपल्या नात्यागोत्यात आहे. तुम्ही आणि तुमची चुलत बहीण एका आजीच्या नाती. तुम्ही तुमच्या चुलत बहिणीपासून जन्मलेल्या नाही. ती आहे म्हणून तुम्ही नाही किंवा तुम्ही आहात म्हणून ती नसावी, असं कोणी म्हणेल का? आज दिसणारं माकड आपला पूर्वज नाही, ते आपलं दूरचं भावंड आहे. आपलं सगळ्यात जवळचं नातं चिंपांझी या वानराशी. त्यांचा आणि आपला सामाईक पूर्वज अंदाजे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत होता. त्यानंतर एक शाखा इकडे गेली, एक तिकडे. 'माकडाचा माणूस झाला' हे वाक्यच अर्धवट आहे. आजीने त्यातली चूक बरोबर पकडली, असं आम्ही म्हणू.

दुसरा आक्षेप, 'हा नुसता सिद्धांत आहे, सिद्ध झालेलं नाही.' इथे शब्दाचा घोळ आहे. आपण बोलताना अंदाजालाही सिद्धांत म्हणतो. विज्ञानात सिद्धांत म्हणजे अनेक वेळा तपासून टिकलेलं, अनेक गोष्टींचा उलगडा करणारं स्पष्टीकरण. जंतूंमुळे रोग होतात हाही सिद्धांतच आहे, आणि त्याच्या भरवशावर आपण बाळाला लस टोचून घेतो.

तिसरा, 'एवढा वेळच कुठे होता?' सतराव्या शतकात आयर्लंडमधल्या जेम्स अशर नावाच्या धर्मगुरूंनी बायबलातल्या पिढ्या मोजून सांगितलं की जग इसवी सनापूर्वी 4004 मध्ये निर्माण झालं. पण खडकांमधली काही मूलद्रव्यं ठरलेल्या वेगाने दुसऱ्या मूलद्रव्यांत बदलत असतात. किती बदललं ते मोजलं की खडकाचं वय कळतं. त्यावरून पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं निघतं. आपल्या महाराष्ट्राचा बराचसा काळा पाषाण, ज्याचा आपण पाटा-वरवंटा करतो, तोच मुळी साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा लाव्हा आहे.

चौथा, 'मधले प्राणी कुठे आहेत?' म्हणजे एका प्राण्यापासून दुसरा झाला तर अर्धामुर्धा सापडायला हवा. असे अवशेष सापडले आहेत आणि त्यातली एक हकीकत आपल्या देशातली आहे. देवमासा पाण्यात राहतो, पण तो मासा नाही. तो पिल्लांना दूध पाजतो, श्वास घ्यायला वर येतो. मग त्याचे पूर्वज जमिनीवर चालणारे असले पाहिजेत. ए. रंगा राव नावाच्या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातून हाडं अडकलेले दगड गोळा केले होते. ते गेले. त्यांच्या पत्नीने ते दगड जपून ठेवले आणि पुढे अभ्यासासाठी दिले. त्यात हरणासारख्या बारीक पायांच्या, मांजरापेक्षा फार मोठ्या नसलेल्या एका प्राण्याची कवटी निघाली. तिच्या कानाचं हाड एका बाजूने जाड होतं, जसं देवमाशांचं असतं. 2007 मध्ये हे प्रसिद्ध झालं. हा इंडोहायस सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा. तो थेट देवमाशाचा आजा होता असं नाही, पण त्या घराण्याचा अगदी जवळचा नातलग. एका बाईने अडगळ म्हणून ते दगड टाकून दिले असते तर हा दुवा हाती लागला नसता.

पाचवा आक्षेप सगळ्यात जुना आणि ऐकायला पटणारा आहे. 1802 मध्ये विल्यम पेली या इंग्लंडच्या धर्मगुरूंनी लिहिलं, की वाटेत घड्याळ सापडलं तर आपण म्हणतो हे कोणीतरी बनवलं आहे. मग डोळ्यासारखी गुंतागुंतीची वस्तू आपोआप कशी झाली? अर्धा डोळा काय कामाचा?

आपल्यापैकी ज्या गांडूळखत करतात, त्यांनी पाहिलं असेल, वरचं गोणपाट बाजूला केलं की गांडुळं भराभर खाली जातात. गांडुळाला डोळे नाहीत. त्याच्या कातडीत फक्त उजेड ओळखणाऱ्या पेशी आहेत, आणि तेवढ्यावरच ते उन्हापासून आणि पक्ष्यांपासून वाचतं. गोगलगायीला शिंगाच्या टोकावर साधासा डोळा असतो, त्याला उजेड आणि अंधुक आकार कळतात. काही प्राण्यांत नुसती खळगी असते, काहींत खळगीला बारीक भोक, काहींत पुढे भिंग. या सगळ्या पायऱ्या आजही जिवंत प्राण्यांमध्ये दिसतात आणि प्रत्येक पायरी त्या त्या प्राण्याला पुरते. आंधळ्यापेक्षा अंधुक दिसणारा बरा, आणि अंधुकपेक्षा थोडं स्पष्ट दिसणारा बरा. हे सगळं 'आपोआप' किंवा नशिबाने होत नाही. फरक योगायोगाने येतो, निवड योगायोगाने होत नाही.

शिवाय शरीर जर नव्याने नकाशा काढून बनवलं असतं, तर काही गोष्टी अशा नसत्या. अन्नाची आणि श्वासाची वाट घशात एकत्र येते, म्हणून जेवताना ठसका लागतो. माणूस दोन पायांवर चालू लागला, तसा कंबरेच्या हाडांचा आकार बदलला. दुसरीकडे बाळाचं डोकं मोठं झालं. म्हणून आपल्याला बाळंतपण वानरिणीपेक्षा जड जातं आणि दुसऱ्या बाईचा हात लागतो. जुन्या घराला खोल्या जोडत जावं तसं हे शरीर झालं आहे.

एका गावातल्या आईबापांची कोर्टाची लढाई

हे आक्षेप अमेरिकेत शाळेपर्यंत पोचले. तिथे 1925 मध्ये टेनेसी राज्यात उत्क्रांती शिकवणं हा गुन्हा होता. डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला भरला आणि त्याला 100 डॉलर दंड झाला. तो कायदा 1967 पर्यंत टिकला. मग 1987 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी शाळेत विज्ञान म्हणून निर्मितीवाद शिकवता येणार नाही, कारण ती एका धर्माची शिकवण आहे.

त्यानंतर तोच विचार नवं नाव घेऊन आला. देवाचं नाव न घेता 'कोणीतरी बुद्धिमान रचनाकार' असं म्हणायचं. पेनसिल्व्हेनिया राज्यात डोव्हर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या शाळा मंडळाने ऑक्टोबर 2004 मध्ये ठरवलं की नववीच्या मुलांना डार्विनच्या सिद्धांतात उणिवा आहेत असं सांगायचं आणि रचनाकाराच्या पुस्तकाकडे बोट दाखवायचं. विज्ञान शिक्षकांनी ते निवेदन वर्गात वाचायला नकार दिला. तेव्हा वरचे अधिकारी येऊन वाचून गेले. गावातले अकरा पालक कोर्टात गेले. खटल्याला नाव पडलं टॅमी किट्झमिलर या आईचं. ती शास्त्रज्ञ नव्हती. तिच्या मुली त्या शाळेत होत्या, एवढंच.

खटला 2005 मध्ये सहा आठवडे चालला. रचनाकाराच्या बाजूने मायकेल बीही हे प्राध्यापक आले. ते म्हणाले, काही जंतूंना पोहायला चाबकासारखी शेपटी असते, तिचा एक भाग काढला तरी ती चालत नाही. मग ती थोडी थोडी कशी बनली असेल? उत्तर असं होतं की त्यातल्या काही भागांची जुळणी दुसऱ्या जंतूंमध्ये वेगळ्याच कामाला लागलेली दिसते. आम्हाला हे स्लॅबच्या उदाहरणाने समजलं. घरकुलाचा स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग असतं. ते काढल्यावर आलेला माणूस म्हणेल, हा स्लॅब अधांतरी कसा घातला? आज जे दिसतं त्यावरून घडतानाचा टेकू दिसत नाही.

बीही यांनी असंही म्हटलं होतं की शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा कशी उत्क्रांत झाली याचं उत्तर विज्ञानाकडे नाही. वकिलांनी त्यांच्यापुढे त्या विषयावरचे 58 शोधनिबंध आणि 9 पुस्तकं ठेवली. विज्ञानाची त्यांची सैल व्याख्या धरली तर ज्योतिषही विज्ञानात बसेल का, असं विचारल्यावर त्यांनी हो म्हणून कबूल केलं.

मुलांसाठी सुचवलेल्या पुस्तकाचे जुने मसुदेही बार्बरा फॉरेस्ट या प्राध्यापिकेने तपासले. 1987 च्या निकालाआधीच्या मसुद्यांत जिथे 'निर्मितीवादी' असे शब्द होते, तिथेच निकालानंतर 'रचना मानणारे' असे शब्द घातले होते. एका जागी घाईत जुना शब्द पुरता खोडला गेला नव्हता, दोन्ही शब्दांची खिचडी तशीच राहिली होती. खाडाखोड केलेली वही तपासणाऱ्या आपल्या गटाच्या सचिवांना यातली गंमत कळेल.

20 डिसेंबर 2005 ला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला, की हे विज्ञान नाही, धर्माचीच शिकवण आहे. त्याआधी नोव्हेंबरमध्येच गावाने निवडणुकीत उभे राहिलेले मंडळाचे जुने सदस्य पाडले होते. खटल्याच्या खर्चापोटी मंडळाला दहा लाख डॉलर द्यावे लागले. हे पैसे शाळेचेच होते, हे वाचून वाईटही वाटलं.

मग देवाचं काय?

हा प्रश्न आमच्या बैठकीत सगळ्यात मोठा होता, म्हणून तो टाळत नाही. डोव्हरच्या खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूने पहिली साक्ष देणारे केनेथ मिलर हे जीवशास्त्रज्ञ स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आहेत. 1996 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनीही म्हटलं की उत्क्रांती ही आता नुसती कल्पना राहिलेली नाही. विज्ञान एवढंच सांगतं की जीव कसे बदलत गेले. हे सगळं कशासाठी, चांगलं काय, वाईट काय, हे ते सांगत नाही. वारीला जाणाऱ्या बाईला हा धडा वाचून माळ काढून ठेवावी लागत नाही.

आपल्याकडे काही जण म्हणतात, दशावतारात आधी मत्स्य, मग कूर्म, मग वराह, म्हणजे आपल्या पूर्वजांना उत्क्रांती माहीत होती. ऐकायला छान वाटतं. पण दशावतारात एकच देव पुन्हा पुन्हा पूर्ण रूप घेऊन येतो, संकटातून सोडवायला. त्यात पिल्लांमधला फरक नाही, निवड नाही, पिढ्या नाहीत. त्या कथेचं काम वेगळं आहे आणि ते ती चांगलं करते. तिला विज्ञानाच्या परीक्षेला बसवण्याची गरज नाही.

आपल्या देशातही आक्षेप झाले आहेत. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, केंद्रातले एक राज्यमंत्री म्हणाले की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठेही लिहिलेलं नाही, तेव्हा शाळा-कॉलेजातलं हे शिक्षण बदललं पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून हे चुकीचं असल्याचं सांगितलं. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला गेला, तेव्हा देशभरातल्या 1800 हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि इतरांनी पत्रावर सह्या करून तो परत घ्या म्हटलं. दहावीनंतर आपल्या बहुतेक मुली विज्ञान शाखा घेत नाहीत. दहावीत नाही वाचलं तर त्यांना हे पुढे कधीच भेटणार नाही.

एक इशाराही द्यायला हवा. उत्क्रांतीचा अर्थ 'बळी तो कान पिळी' असा काहींनी लावला आणि त्यावरून काही माणसांना उच्च, काहींना नीच ठरवलं. डार्विनच्या सिद्धांतात असं कुठेही निघत नाही. टिकतो तो जोरकस असतोच असं नाही, त्या जागेला जुळणारा असतो. माणसांच्या बाबतीत तर हे विज्ञान उलटंच सांगतं. आज पृथ्वीवर असलेली सगळी माणसं एकाच जातीची, आफ्रिकेतून पसरलेल्या एकाच कुळातली आहेत. विहिरीवर कोणी कोणाची सावली टाळायची, याला शरीरात काहीही आधार नाही.

आपण काय करायचं

तीन गोष्टी सुचवतो. एक, घरात कोणाला जंतूंवरच्या गोळ्या, ज्यांना अँटिबायोटिक म्हणतात, त्या दिल्या असतील तर डॉक्टरांनी सांगितल्या तशाच आणि सांगितल्या तितक्याच घ्या. साध्या सर्दीला दुकानातून मागून घेऊ नका, उरलेल्या शेजारणीला देऊ नका. बोंडअळीचं जे झालं तेच जंतूंचं होतं, चिवट तेवढे उरतात. पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्ये नोबेल पारितोषिक घेतानाच हा धोका सांगितला होता. क्षयाच्या औषधांना दाद न देणारे जंतू आज आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांतही भेटतात.

दोन, कपाशी लावताना बिगर-बीटी बियाण्याबद्दल कृषी सहायकांना विचारा, फरदड घेऊ नका आणि वेचणीनंतर पऱ्हाटीचे ढीग शेतात ठेवू नका. हे एकट्या घराने करून भागत नाही, पतंग बांध ओळखत नाहीत. गटाने ठरवलं तर अख्खं शिवार करू शकतं.

तीन, दहावीच्या मुलीला तो धडा पुन्हा मोठ्याने वाचायला सांगा आणि आजीला शेजारी बसवा. आजीच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही परवा त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, चुलत बहिणीच्या उदाहरणासकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाल्या, "बरं. पण मग कोंबडी आधी का अंडं आधी?"

पुढच्या बैठकीत त्यावर बोलू. नमस्कार.